पडद्यामागचा गडी झोपतो तेव्हा

पुण्यात राहणाऱ्याला रविवारचं कौतुक. पण निगडी, भोसरी, चाकण पट्ट्यात काम करणाऱ्याला विचारा, आठवड्याचा खरा वार कुठला? उत्तर एकच, गुरुवार! एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही गुरुवारीच. त्या दिवशी मशिनं झोपतात, माणसं झोपतात. लाइट जास्त वेळ गेली की यूपीएस आपला दम संपेपर्यंत झुंजतो आणि मग सर्व्हरही झोपतो.

शुक्रवारी सकाळी मशिनं उठतात. माणसं चहा घेऊन का होईना, पण उठतात. सर्व्हरचा हिरवा दिवाही लागतो. पण त्या सर्व्हरच्या पोटात काम करणारे सगळे गडी उठले का, हे बघायला कुणी जात नाही. या आठवड्याचा कॉलम त्या न उठलेल्या गड्यांबद्दल.

टेन्शन घेऊ नका, हा काही कॉम्प्युटरचा क्लास नाही. माझं स्वतःचं शिक्षण मास कॉमचं. पण गेली काही वर्षं या पट्ट्यातल्या मित्रमैत्रिणींबरोबर कटिंग पिताना रात्री तीनला वाजणाऱ्या फोनचे इतके किस्से ऐकलेत, की या विषयावर एकदा लिहायचंच ठरवलं होतं.

शुक्रवार, सकाळी सात

समजा, तुम्ही भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या व्हेंडर कंपनीत आयटी बघता. कंपनी ब्रॅकेट बनवते आणि ते चाकणच्या एका मोठ्या गाडीवाल्या कंपनीला जातात. आपल्याकडे ही साखळी जुनी आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग एकेक करत गाड्यांचे कारखाने उभे राहिले आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ दोघांचेही प्लांट चाकणला सुरू झाले. प्रत्येक मोठ्या प्लांटच्या मागे छोट्या व्हेंडरांची रांग असते. माल वेळेत पोचला तर लाइन चालते, नाही तर थांबते. आणि लाइन तुमच्यामुळे थांबली तर डेबिट नोट तुमच्या नावाने येते.

तर सकाळी सातला डिस्पॅचमधून फोन येतो.

"अरे, लेबल निघत नाहीये. टेम्पो गेटवर उभा आहे."

"सर, प्रिंटर बंद-चालू करून बघितला का?"

"तीनदा केला. रोलसुद्धा बदलला."

आता तपास सुरू होतो. प्रिंटर ठीक. नेटवर्क ठीक. ईआरपी उघडतंय. सर्व्हर चालू. सगळं ठीक आहे, फक्त लेबल निघत नाही! नऊच्या सुमारास कुणाला तरी सर्व्हरवरची सर्व्हिसेसची यादी उघडायचं सुचतं. त्या लांबलचक यादीत एका ओळीपुढे 'रनिंग' हा शब्द नसतो. लेबल छापायला पाठवणारी सर्व्हिस बंद! राइट क्लिक, स्टार्ट, दोन सेकंद. प्रिंटर खर्रकन लेबलं ओकायला लागतो. टाळ्या. टेम्पो सुटतो आणि तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये जाऊन उभा राहतो.

दुखणं दोन सेकंदांचं आणि ते सापडायला दोन तास. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी या गड्याची ओळख हवी.

हा गडी कोण?

आपण कॉम्प्युटरवर जे उघडतो ते दिसतं. एक्सेल दिसतं, मेल दिसतो. पण न दिसणारे डझनावारी प्रोग्रॅम मागे चालू असतात. त्यांना खिडकी नाही, आयकॉन नाही, 'ओके' म्हणायला बटण नाही. कुणी प्रिंटची रांग सांभाळतो, कुणी घड्याळ जुळवतो, कुणी रात्री बॅकअप घेतो. विंडोजमध्ये त्यांना सर्व्हिस म्हणतात आणि युनिक्स-लिनक्सच्या दुनियेत डिमन. हा शब्द एमआयटीत १९६३ च्या सुमारास रुळला. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलच्या एका कल्पनेतला राक्षस आहे, तो न थकता एकेक रेणू निवडत बसतो. नाव त्याच्यावरून घेतलं. आपल्या कोकणातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. गावाचा राखणदार कुणाला दिसत नाही, पण तो आहे म्हणून सगळं सुरळीत चाललंय असा भरवसा असतो. फरक एवढाच, की राखणदाराला वर्षातून एकदा नारळ तरी मिळतो. सर्व्हिसकडे लक्ष जातं ते ती मेल्यावरच!

तुम्ही आयटीत नसाल तरी या गड्याला भेटलेला आहात. ऑफिसात प्रिंट अडकते आणि सपोर्टवाला येऊन "स्पूलर रीस्टार्ट करतो" म्हणतो ना, ते प्रिंट स्पूलर म्हणजे एक सर्व्हिसच. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट जगभर गेला, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं आडवी झाली आणि भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो प्रोग्रॅमही असाच मागे बसून पहारा देणारा होता. प्रवाशांपैकी कितीजणांना त्या दिवसापर्यंत त्याचं नाव माहीत होतं?

आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यात तर अशा गड्यांची फौज असते. एक मशिनवरून उत्पादनाचे आकडे गोळा करतो. एक गाडीवाल्या कंपनीच्या पोर्टलवरून शेड्यूल उतरवून घेतो. एक बिलं सरकारी पोर्टलवर पाठवतो. हा शेवटचा फार महत्त्वाचा. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या कंपन्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या धंद्याला दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. बिल पोर्टलवर जातं, तिथून आयआरएन नावाचा ६४ अक्षरांचा नंबर आणि क्यूआर कोड परत येतो, मगच ते बिल म्हणून धरलं जातं. शिवाय माल १ लाखाच्या वरचा असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ई-वे बिल लागतं. हे सगळं करणारी सर्व्हिस थांबली, की माल तयार, टेम्पो तयार, ड्रायव्हर तयार, आणि तरी गाडी गेटबाहेर जाऊ शकत नाही.

झोपतो कशाने?

आपल्या शुक्रवारच्या गोष्टीत कारण साधं आहे. कधी तरी कुणी तरी ती सर्व्हिस बसवली आणि तिचा स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' ठेवला. म्हणजे 'मला कुणी हाताने उठवलं तरच उठेन.' तेव्हा हाताने चालू केली आणि सर्व्हर दोन वर्षं बंदच झाला नाही. दोन वर्षं ती चूक चादर ओढून पडून होती. गुरुवारी लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर परत उठला आणि चूकही उठली. उपाय एका क्लिकचा: 'ऑटोमॅटिक' करा.

पण नेहमीच इतकं सोपं नसतं. नेहमीचे संशयित सांगते.

पहिला, पासवर्ड. बऱ्याच सर्व्हिस एखाद्या यूजरच्या नावाने चालतात. तो यूजर म्हणजे कंपनी सोडून गेलेला एखादा इंजिनिअर असेल आणि एचआरने नियमाप्रमाणे त्याचं अकाउंट बंद केलं असेल, तर सर्व्हिस लगेच मरत नाही. पुढच्या रीस्टार्टला मरते. त्यामुळे कारण एका महिन्यात आणि परिणाम भलत्याच महिन्यात!

दुसरा, रांगेतला नंबर. लेबलची सर्व्हिस डेटाबेसवर अवलंबून असते. सर्व्हर चालू होताना डेटाबेस आळस देत उठतो, आणि ही आधीच उठून त्याचं दार ठोठावते. दार उघडत नाही. विंडोज साधारणपणे ३० सेकंद वाट बघतं आणि सर्व्हिस उठली नाही असं लिहून मोकळं होतं. यासाठी 'डिलेड स्टार्ट' नावाची सोय आहे. त्यात सर्व्हिस बाकीच्यांनंतर साधारण दोन मिनिटांनी उठते.

तिसरा, भरलेली डिस्क. हा सगळ्यात बावळट वाटणारा आणि सगळ्यात महागात पडणारा. प्रत्येक सर्व्हिस आपली डायरी लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. जुन्या डायऱ्या कुणी फेकल्याच नाहीत तर एक दिवस कपाट भरतं आणि नवीन अक्षर लिहायला जागा उरत नाही. असं मोठ्या कंपनीत होत नाही, असं वाटतंय? जस्ट-इन-टाइमचा फंडा ज्यांनी जगाला शिकवला त्या टोयोटाचं ऐका. २७ ऑगस्ट २०२३ ला त्यांच्याकडे नेहमीचं मेंटेनन्स झालं. डेटाबेसमधला डेटा आवरताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि पार्ट्सच्या ऑर्डरी सांभाळणारे सर्व्हर बंद पडले. बॅकअप सर्व्हर होते, पण तेही त्याच सिस्टिमवर, त्यामुळे त्यांचीही तीच गत. २९ ऑगस्टला जपानमधले टोयोटाचे सगळे १४ असेंब्ली प्लांट थांबले. हॅकर नाही, भूकंप नाही, संप नाही. जागा संपली! डेटा मोठ्या सर्व्हरवर हलवला तेव्हा गाडी रुळावर आली.

चौथा संशयित, माणूस. कुणी तरी मुद्दाम बंद केलेली असू शकते आणि ते बरोबरही असू शकतं. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा ज्या सर्व्हरवर प्रिंटिंगची गरज नाही तिथे ही सर्व्हिस बंदच ठेवा असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला होता. म्हणून बंद दिसली की लगेच चालू करू नका. आधी विचारा, कुणी बंद केली होती का?

आधी वाचा, मग स्टार्ट मारा

आपल्याकडे 'रीस्टार्ट मारला' हे वाक्य फार अभिमानाने उच्चारतात. गाडी सुटली, विषय संपला. खरं तर इथेच लोचा आहे. ताप आला म्हणून क्रोसिन घेतली, उतरला. परत आला, परत घेतली. डॉक्टर काय म्हणतील?

गेटवर टेम्पो उभा असताना संशोधन करत बसा, असं कुणीच म्हणणार नाही. सर्व्हिस चालू करा, माल जाऊ द्या. पण त्याआधी पाच मिनिटं काढून एक गोष्ट करा: काय झालंय ते टिपून ठेवा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही असते. त्यात ७०३४ नंबर दिसला तर सर्व्हिस अचानक कोसळली. ७०३६ दिसला तर ती चालू किंवा बंद झाल्याची साधी नोंद. ७००० म्हणजे उठायचा प्रयत्न केला पण उठली नाही. ७००९ म्हणजे वाट बघून कंटाळा आला. ७०३८ म्हणजे पासवर्डचं दुखणं. लिनक्सवर हेच काम सिस्टिमडीची वही करते.

नंबर पाठ करायची गरज नाही. तीन प्रश्न पाठ करा. कधी थांबली? त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय घडलं? आणि याआधी अशी कितीदा थांबली होती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा धक्कादायक असतं. कारण दर वेळी ज्याने उठवली त्याने कुणाला सांगितलेलं नसतं. फर्स्ट शिफ्टवाल्याला वाटतं, आजच झालं. सेकंडवाल्यालाही तसंच. थर्डवाला तर झोपेतच स्टार्ट मारून परत जातो. तिघांनी एका वहीत लिहिलं असतं तर आठवड्यात कळलं असतं, की ती दर रात्री दोनला, बॅकअप सुरू झाल्यावरच मरते.

"मग आपोआप रीस्टार्ट होईल असं करून टाकू ना!" करता येतं. विंडोजमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हरी' नावाचा टॅब आहे. पहिल्यांदा कोसळली तर काय, दुसऱ्यांदा तर काय, त्यानंतर काय, असे तीन कप्पे. बऱ्याच वेळा तिथे 'टेक नो ॲक्शन' म्हणजे 'काहीही करू नका' असंच असतं, कारण तो टॅब कुणी उघडलेलाच नसतो. तिथे 'रीस्टार्ट' निवडा, जरूर. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे औषध कोसळलेल्या सर्व्हिसला लागू पडतं, नीट बंद केलेल्या किंवा जागच्या जागी थिजलेल्या सर्व्हिसला नाही. दोन, डिस्क भरलेली असेल तर कितीही वेळा उठवा, ती परत पडणारच. म्हणूनच लिनक्सचं सिस्टिमडी एका मर्यादेनंतर हात टेकतं. वेगळं काही सांगितलं नसेल तर दहा सेकंदांत पाचदा उठवून बघतं आणि मग नाद सोडतं.

खिडकी उघडी, रांग जागेवर

आता या सगळ्यातली सगळ्यात मोठी गंमत. समजा तुम्ही शहाणे झालात. ऑटोमॅटिक केलं, रिकव्हरी लावली, नॅगिऑस किंवा झॅबिक्ससारखं फुकट मिळणारं मॉनिटरिंग बसवलं. भिंतीवर स्क्रीन, त्यावर हिरवे चौकोन. सर्व्हिस चालू असेल तर हिरवा, बंद पडली तर लाल आणि एक मेसेज. झक्कास!

आणि एक दिवस सगळं हिरवं असताना लेबल निघत नाही.

सरकारी ऑफिसातली खिडकी आठवा. खिडकी उघडी आहे, पंखा फिरतोय, मॅडम खुर्चीत आहेत. बाहेरून बघणारा सांगेल, काउंटर चालू आहे. पण रांग अर्धा तास जागची हललेली नाही. सर्व्हिसचंही असंच होतं. प्रोग्रॅम जिवंत असतो, यादीत 'रनिंग' लिहिलेलं असतं, पण आत तो कुठल्या तरी उत्तराची वाट बघत थिजलेला असतो. मेलेला गडी निदान यादीत सापडतो, डोळे उघडे ठेवून झोपलेला सापडत नाही.

याची किंमत किती असू शकते? १४ ऑगस्ट २००३. अमेरिकेत ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये दुपारी सव्वादोनच्या सुमारास अलार्म देणारा प्रोग्रॅम थिजला. अलार्म बंद पडल्याचा अलार्म अर्थातच वाजला नाही. ऑपरेटरना वाटलं, अलार्म नाहीत म्हणजे सगळं छान चाललंय. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात आधी मुख्य सर्व्हर आणि मग बॅकअप सर्व्हरही पडला. आयटीवाल्यांनी तीन वाजून आठ मिनिटांनी मुख्य सर्व्हर रीस्टार्ट केला, सगळे प्रोग्रॅम चालू असल्याचं तपासलं आणि समाधानाने पुढच्या कामाला लागले. प्रोग्रॅम चालू होते, हे खरंच होतं. अलार्म मात्र थिजलेलाच होता. ऑपरेटरला "आता अलार्म येतायत का?" एवढंच विचारायचं राहून गेलं. तोवर बाहेर उच्चदाबाच्या तारा झाडांना टेकून एकेक करत बंद पडत होत्या. चारच्या पुढे सगळा डोलारा कोसळला आणि अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणं बरीच होती, पण चौकशी अहवालात या थिजलेल्या अलार्मला महत्त्वाची जागा आहे.

मला या घटनेत सगळ्यात जास्त काय खुपलं सांगू? आयटीवाल्यांनी आपलं काम केलं होतं. त्यांच्या चेकलिस्टवर सगळ्या टिक होत्या. त्यांनी गडी जागा आहे का हे बघितलं, गड्याचं काम होतंय का हे बघितलं नाही. बघू शकणारा माणूस पलीकडच्या खुर्चीत बसलेला होता.

म्हणून मॉनिटरिंगचा खरा फंडा असा: गड्याकडे बघू नका, त्याच्या कामाकडे बघा. 'लेबल सर्व्हिस चालू आहे का?' यापेक्षा 'शेवटचं लेबल किती वाजता निघालं?' हा प्रश्न शंभर पट चांगला. शिफ्ट चालू आहे, माल निघतोय आणि वीस मिनिटांत एकही लेबल नाही? मेसेज पाठव. छपाईच्या रांगेत पन्नास कामं साठली? मेसेज पाठव. मग सर्व्हिस मेली, थिजली, डिस्क भरली की प्रिंटरचा रोल संपला, कारण कुठलंही असो, वीस मिनिटांत कळेल. दोन तास जाणार नाहीत.

पहारेकऱ्यावर पहारा

"ठीक आहे, मेसेज येईल. पण मेसेज पाठवणाराच झोपला तर?"

अगदी बरोबर प्रश्न. गिटलॅब ही प्रोग्रॅमर मंडळींचं कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे एका थकलेल्या रात्री चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप काढायला गेले तर बॅकअप नव्हतेच! रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो कधीपासून फेल होत होता. फेल झाल्याचे ई-मेलही तो इमानदारीत पाठवत होता, पण त्यांच्याच मेल व्यवस्थेच्या सुरक्षा नियमांत ते बसत नव्हते, म्हणून परस्पर नाकारले जात होते. सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये शांतता होती आणि शांततेचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावला गेला. सहा तास आधी कुणी तरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक कॉपी हाताशी होती म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटावर भागलं.

यावरचा उपाय आपल्या सोसायटीचा गुरखा वर्षानुवर्षं करत आलाय. रात्री फेरी मारताना तो काठी आपटतो, शिट्टी वाजवतो. चोर आला तरच शिट्टी, असं त्याचं नसतं. सगळं ठीक असतानाही शिट्टी. अर्धवट झोपेत ती ऐकू येते आणि आपण कूस बदलतो. ज्या रात्री ती ऐकू येत नाही, त्या रात्री जाग येते. आयटीत याला हार्टबीट म्हणतात. बिघडल्यावर ओरडणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीला 'मी ठीक आहे' असं दर काही मिनिटांनी सांगणारा प्रोग्रॅम ठेवायचा. आणि ती हाक ऐकणारं दुसरं मशिन ठेवायचं, वेगळ्या सर्व्हरवर, जमलं तर वेगळ्या यूपीएसवर. हाक चुकली की ते ओरडेल.

पण मेसेज फार झाले तरी पंचाईत. दिवसाला दोनशे मेसेज येणाऱ्या ग्रुपचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे: म्यूट! 'लांडगा आला रे'ची गोष्ट तिसरीच्या पोरालाही ठाऊक असते, पण मॉनिटरिंग लावणाऱ्याला हमखास आठवत नाही. साधा नियम: ज्या मेसेजवर कुणी तरी उठून काही करायचं नाही, तो रात्री वाजायला नको.

आणि तो उठणारा?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच खरा. आतापर्यंत ज्याला आपण गडी म्हटलं तो प्रोग्रॅम. पण या पट्ट्यात एक दुसराही पडद्यामागचा माणूस आहे. मोरेवस्तीत किंवा मोशीत दोघा-तिघांत फ्लॅट शेअर करणारा, पंचविशीतला, बहुतेकदा कॉन्ट्रॅक्टवरचा. पगार सपोर्ट इंजिनिअरचा, ड्यूटी नऊ ते सहा आणि फोन चोवीस तास. लेबल निघालं तर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. थांबलं तर सकाळच्या मीटिंगमध्ये पहिलं नाव त्याचंच.

या मुलाला किंवा मुलीला सगळ्यात पटकन काय शिकवलं जातं? गप्प राहायला. रात्री तीनला सर्व्हिस पडली, त्याने घरून लॉगिन करून उठवली, पाच मिनिटांत काम झालं. सकाळी सांगितलं तर प्रश्न येणार, 'पडलीच कशी?' मग सांगायचंच कशाला? असं करत एकेक रात्र वहीत न लिहिताच जाते, आणि जी गोष्ट पाचव्या रात्री कळायला हवी ती पन्नासाव्या रात्री लाइन थांबल्यावर कळते. सर्व्हर बिघाड लपवत नाही, तो सगळं लिहून ठेवतो. लपवतो माणूस, कारण त्याला लपवायला लावलेलं असतं.

गिटलॅबने त्या रात्रीनंतर काय झालं, कसं झालं, कुठे कुठे चुकलं, सगळं जाहीर केलं. अहवालात डेटाबेस पुसणाऱ्या इंजिनिअरचा उल्लेख 'टीम मेंबर १' एवढाच आहे. चूक एका बोटाने झाली, पण ती होऊ देणारी आणि झाल्यावर सावरू न शकणारी व्यवस्था सगळ्यांची, हे त्यांनी मान्य केलं. आपल्या मीटिंग रूममध्ये हे कधी येणार?

तुम्ही मॅनेजर असाल तर एक करा. 'कुणामुळे?' हा प्रश्न महिनाभर बंद ठेवा आणि त्याजागी 'आपल्याला किती वेळाने कळलं?' हे विचारा. रात्री उठवलेल्या माणसाला सकाळी उशिरा येऊ द्या. त्याने वहीत लिहिलं तर त्याला थँक्यू म्हणा. यातल्या कशालाही बजेट मंजूर करून घ्यावं लागत नाही.

आणि तुम्ही तो फोनवाला किंवा फोनवाली असाल, तर एक कागद घ्या. आपल्या कारखान्यातल्या ज्या पाच-सहा सर्व्हिसशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही, त्यांची नावं लिहा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी: ती कोणत्या सर्व्हरवर आहे, कशावर अवलंबून आहे, तिचं काम होतंय हे कशावरून ओळखायचं, आणि थांबली तर कुणाला फोन करायचा. कागद डिस्पॅचच्या भिंतीवर लावा. सुपरवायझरना वाचता येईल अशा मराठीत लिहा, कारण शेवटचं लेबल कधी निघालं हे तुमच्या स्क्रीनच्या आधी त्यांना माहीत असतं.

मग त्या चौथ्या रकान्याकडे जरा नीट बघा. सगळ्या ओळींत तुमचं एकट्याचंच नाव असेल, तर सर्व्हरमधला सगळ्यात कच्चा दुवा तुम्हाला सापडला. तो तुम्ही आहात. तुम्हालाही ताप येतो, गावाला जावंसं वाटतं, एखाद्या रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपावंसं वाटतं. बॅकअप फक्त डेटाचा घेतात असं कुणी सांगितलं? येत्या सोमवारी साहेबांकडे जा आणि त्या रकान्यात दुसरं नाव मागा.